‘पर्यंत’ म्हणजे किती बे?



मालधक्क्यावर पोतं उतरतं ते काट्यावर चढतं. ५० किलोचं पोतं म्हणजे ५० किलो. दोन किलो कमी भरलं की मुकादम बोंबलतो, व्यापारी बोंबलतो, बाबू कागद काढतो, आणि चोरीचा आळ येतो तो हमालावर. पण पोत्यावर ‘५० किलोपर्यंत’ असं छापलेलं मी आजवर पाहिलं नाही. दुधाच्या पिशवीवर ‘अर्धा लिटरपर्यंत’ नसतं. पेट्रोल पंपवाल्यानं ‘एक लिटरपर्यंत’ अशी पाटी लावली तर सात रस्त्याला दगडं उडतील. मग घरात येणाऱ्या इंटरनेटच्या तारेवर ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ हे कसं काय खपतं? शंभराचा आकडा म्हशीएवढा, आणि तिच्या शेपटीवर माशीएवढं ‘अपटू’. सगळी चोरी त्या माशीत आहे.

या एका शब्दावर मी लिहायला बसलोय. कविता नाही ही. तक्रार आहे.

हे लिहितोय म्हटल्यावर आमच्यातलाच एक जण खवळला. ‘पाणी चार दिवसाला येयलंय, गटार तुंबलंय, अन् तू नेटच्या स्पीडचं काय लावलायस बे?’ त्याला जे सांगितलं ते इथंही सांगतो. बाबा, मला दोन्ही पाहिजे. उजनीचं धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, तरी सोलापूरच्या नळाला वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आलं. कुठल्या पेठेचा नळ किती वेळ सुटायचा हे ज्या डोक्यानं ठरवलं, त्याच डोक्यानं आता तार कुठून न्यायची ते ठरतंय. आणि सरकारनं आपल्याला विचारून सगळं तारेवर टाकलंय का? शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. रेशनची केवायसी मशीनवर. असंघटित कामगाराची नोंद ई-श्रमवर. हॉलतिकीट तारेवर, निकाल तारेवर, कॉलेजचा प्रवेश तारेवर. ऑफिसची खिडकी बंद केली आणि म्हणाले, घरी बसून करा. घरी बसलो. पुढं काय? गोल चक्र फिरतंय.

दुसरे आपले जुने कार्यकर्ते. त्यांचं म्हणणं, नेट म्हणजे पोरं नासवायचं यंत्र. त्यांचा मी मान राखतो, पण हे त्यांचं चूक आहे. नासायला फार स्पीड लागत नाही. दिवसाच्या दीड जीबी मोबाइल डेट्यावर पोरगं आरामात नासतं. अडकते ती शिकवणी. दोन तास न तुटता चालणारा वर्ग, तीन तासांची ऑनलाइन परीक्षा, नोकरीची व्हिडिओ मुलाखत, तिथं घरातली पक्की तार लागते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी २४ घरांत इंटरनेट होतं. शहरात ४२, खेड्यात १५. त्यानंतर दोन-तीन वर्षांत लॉकडाऊन आला आणि शाळा रातोरात तारेवर गेली. १ जून २०२० ला केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित शाळकरी पोरीनं जीव दिला. घरातला टीव्ही बंद, स्मार्टफोन नाही, ऑनलाइन शाळेचा पहिलाच दिवस. अभ्यासात हुशार होती पोरगी. ज्याला नेट ही चंगळ वाटते त्यानं तिच्या बापासमोर जाऊन तसं म्हणावं.

आता माझ्या घरातली तार.

कंपनीचं नाव छापत नाही. एका कंपनीला शिव्या घातल्या की बाकीच्या साळसूद ठरतात, आणि मला तसं होऊ द्यायचं नाही. महिना ५९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये. ७०७ रुपयांसाठी माझी आई किती विड्या वळते याचा हिशेब मांडला होता, पण तो छापू नको म्हणाली. घेतलं ते धाकट्या बहिणीसाठी. नीटची तयारी करतेय, रात्री ८ ते १० शिकवणी. पहिले आठ दिवस तार घोड्यासारखी पळाली. मग संध्याकाळ झाली की घोडा लंगडायला लागला. मास्तरचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज पुढच्या मिनिटाला यायचा. फळ्यावरची आकृती चौकोन-चौकोन होऊन फुटायची.

मी एक वही केली. महिनाभर दिवसातून तीनदा मोजलं. पहाटे ५ ला ९० च्या वर. दुपारी ६० च्या आसपास. रात्री ९ ला ४, ५, ७, कधी ३. हे वायफायवर मोजलेलं नाही, राउटरला लॅपटॉप वायरनं जोडून मोजलंय, कारण वायफायचं नाव सांगून हात झटकणं हा यांचा पहिला डाव असतो. वायफायचा दोष असतोही बऱ्याचदा. भिंती जाड असल्या, शेजारच्या दहा घरांचे राउटर एकाच चॅनेलवर कोकलत असले, किंवा तुम्ही जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असलात, की तार चांगली असूनही हवेत स्पीड गळतो. म्हणून वायर लावूनच मोजा. वायरही बघून घ्या. आतल्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या वायरीतून शंभराच्या वर काही जात नाही, मग तुम्ही तीनशेचा प्लॅन घ्या नाहीतर हजाराचा. आणखी एक. प्लॅनवर असतं मेगाबिट, फाइल उतरताना दिसतं मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभराची तार तुडुंब वाहिली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसणार. एवढी फसवणूक धरू नका, ते नुसतं माप वेगळं आहे. चोरी पुढं आहे.

फोन लावला. गाणं ऐकलं. तक्रारीचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी कुणीही न येता मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. पुन्हा फोन. पुन्हा गाणं. असे सहा नंबर झाले. सातव्याला एक पोरगा आला. वीस-एकवीस वर्षांचा, गाडीत स्वतःचं पेट्रोल, नवीन कनेक्शनमागं कमिशन, दुरुस्तीला आला तर काही नाही. त्यानं राउटर काढला, घातला, काचेच्या तारेचं टोक फडक्यानं पुसलं, मीटर लावून प्रकाश मोजला. प्रकाश बरोबर होता. मग गल्लीकडं बघून हळूच म्हणाला, ‘दादा, खरं सांगू का? वरूनच कमी येयलंय. साहेबाला सांगून काय होत नाय.’ त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नाही. खांबावर चढणारा आणि पोतं उचलणारा एकाच रांगेतले.

साहेबाकडं गेलो. साहेब म्हणजे कंपनीचा इथला ठेकेदार. तो म्हणाला, ‘तुम्ही शंभरचा प्लॅन सोडा, दोनशेचा घ्या.’

नळाला पाणी नाही आणि हा मला मोठी बादली विकतोय!

आता ‘वरूनच कमी’ म्हणजे काय ते समजून घ्या, कारण याच जागी ते आपल्याला अडाणी धरतात. गल्लीत येणारी काचेची एक तार खांबावरच्या डबीत फुटून ३२ किंवा ६४ घरांत जाते. जीपॉन नावाच्या पद्धतीत त्या एका तारेतून खाली येताना सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट वाहतात. ६४ घरं, सगळी एकदम, सगळी पूर्ण जोरात लागली तरी भागून घराला ३९ येतात. मला येतात ४. म्हणजे गल्लीतली काच निर्दोष आहे. चोंदलंय वर, जिथून ठेकेदार आणि कंपनी घाऊक माल विकत घेतात. घाऊक घेतला पोतंभर, किरकोळ विकला ट्रकभर. पहाटे गिऱ्हाईक झोपलेलं असतं म्हणून तेव्हा माप पूर्ण भरतं. रात्री सगळी वस्ती कामावरून घरी येते तेव्हा पोतं फाटतं.

एवढी वाटणी होणारच, हे मला कळतं. सगळे एकाच वेळी नळ उघडत नाहीत, म्हणून प्रत्येक नळामागं वेगळं धरण कुणी बांधत नाही. प्रश्न किती जणांत वाटायचं हा आहे. २००९ साली ट्रायनं, म्हणजे दूरसंचारच्या सरकारी नियामकानं, घरगुती गिऱ्हाइकासाठी एकास पन्नास हे प्रमाण घालून दिलं. व्यापारी गिऱ्हाइकासाठी एकास तीस. म्हणजे शंभराच्या तारेत पन्नास भागीदार. १०० भागिले ५०, उत्तर २. आणि गंमत बघा, सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणायला कमीत कमी स्पीड किती लागतो? तोच, २ एमबीपीएस. तोही जानेवारी २०२३ पासून. २००४ च्या धोरणात तो २५६ केबीपीएस होता, म्हणजे एक एमबीपीएसचा चौथा हिस्सा. २०१३ ला ५१२ केला. कुठं जाहिरातीतली म्हैस आणि कुठं हा सरकारी उंबरठा. रात्री ९ ला ४ मिळाले तर सरकारच्या पट्टीनं मी ब्रॉडबँडवाला, सुखी माणूस.

नियम अजिबात नव्हता असंही नाही. २००६ च्या ट्रायच्या नियमात लिहिलं होतं की विकलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त स्पीड मिळाला पाहिजे. वाचून मला आनंद झाला. मग पुढचे शब्द वाचले. कुठून कुठं मोजायचा? कंपनीच्या ठाण्यापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत. आलं का ध्यानात? काटा कंपनीच्या गोदामाच्या दारात लावलाय. गोदामात बाहेरून माल किती येतो ते या मापात धरायचं नाही. स्पीड मोजायच्या ॲपचंही तेच. ते ॲप बऱ्याचदा जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो सर्व्हर कित्येकदा कंपनीच्याच जाळ्यात बसलेला असतो. मग ॲपवर शंभर दिसतात आणि शिकवणी मात्र बंद. मोजताना सर्व्हर बदला, लांबचा घ्या, दुसऱ्याच्या जाळ्यातला घ्या. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. माझ्याकडं एका रात्रीचे ८८ आणि ५ असे आहेत. पाच मिनिटांच्या अंतरानं.

मंडईतल्या भाजीवालीला काट्यावर ठरावीक मुदतीनं सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. नाही मारला तर वैध मापनचा माणूस येऊन दंड करतो. त्या बाईच्या पावकिलो मिरच्यांवर या सरकारची एवढी नजर! आणि कोट्यवधी घरांना मापानं विकल्या जाणाऱ्या मालाचा काटा विकणाऱ्याच्याच खिशात.

दुसऱ्या देशात काय झालं ते सांगतो. ब्रिटनमध्येही हेच ‘अपटू’ चालत होतं. दहातल्या एका गिऱ्हाइकाला मिळाला तरी तो आकडा जाहिरातीत छापता यायचा. २३ मे २०१८ पासून तिथल्या जाहिरात-नियामकांनी ते मोडलं. रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी निदान अर्ध्या गिऱ्हाइकांना जो मिळतो तोच आकडा छापा, असं ठरलं. १ मार्च २०१९ पासून तिथल्या दूरसंचार नियामकाच्या, ऑफकॉमच्या, संहितेत आलं की विकतानाच हमीचा किमान स्पीड सांगायचा. त्याच्या खाली गेला आणि ३० दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर गिऱ्हाईक दंड न भरता करार मोडू शकतो. ही संहिता कंपन्यांनी स्वखुशीनं स्वीकारायची असते हे खरं, पण मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली. रात्री ८ ते १०. माझ्या बहिणीच्या शिकवणीची वेळ. ज्यांनी १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लावला त्यांच्या मुलखात गिऱ्हाइकाला एवढा हक्क आहे. आपल्या लोकशाहीत तक्रारीचा नंबर आहे.

आणि अमेरिका. पँथर हे नाव आपण जिथून घेतलं तो देश. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ ला मुंबईत दलित पँथर. १९३० च्या दशकात तिथं घरकर्जासाठी शहरांचे नकाशे केले गेले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या गेल्या. इथं कर्ज देऊ नका, धोका आहे. त्याला रेडलायनिंग म्हणतात, लाल रेघ. २०१७ ला क्लीव्हलँड शहरात कार्यकर्त्यांनी एका बड्या कंपनीनं सरकारकडं दिलेल्याच आकड्यांतून दाखवून दिलं की गरीब वस्त्यांत तिनं तार सुधारलीच नाही. २०२२ ला पत्रकारांनी ३८ शहरांतले लाखो पत्ते तपासले. तेवढेच डॉलर घेऊन कंपन्या गोऱ्या आणि पैसेवाल्या गल्लीला सुसाट स्पीड देत होत्या आणि गरीब, काळ्या गल्लीला रडका. एकच भाव, दोन मापं. २०२३ ला तिथल्या सरकारी आयोगानं अशा भेदभावाविरुद्ध नियम केले, कंपन्या लगेच कोर्टात पळाल्या. कंपन्या कोर्टात पळाव्यात एवढं त्यांनी मोजलं होतं, हे लक्षात घ्या.

आपल्याकडं नकाशावर लाल रेघ नाही. आपल्याकडं एक शब्द आहे, ‘फिजिबल’. अर्ज केला, पिनकोड टाकला, उत्तर आलं, आपल्या भागात फिजिबल नाही. विजापूर रोडला माझा एक मित्र राहतो, त्याच्या दारात चार कंपन्यांची पोरं पत्रकं वाटतात. आमच्या वस्तीत एकच ठेकेदार. दुसरा येत नाही म्हणून पहिला माजतो. गावाला कूस असते आणि कुसाबाहेर आपण असतो, हे शहरात येऊन संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी कंपन्यांच्या तारांचा नकाशा मागून बघावा. मिळणार नाही. धंद्याचं गुपित आहे म्हणतील.

आपल्या शहराला तारेचं वावडं कधीच नव्हतं. याच सोलापुरात सेटलमेंट होती. १८७१ च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती काटेरी तारेत कोंडल्या होत्या, रोज हजेरी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कोंडायची तार सरकारनं वेळेवर, पुरेशी, एकही खांब न चुकवता टाकली होती. तेव्हा कुणी फिजिबल विचारलं नाही. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली २० शहरं जाहीर झाली, त्यात सोलापूर होतं. रस्ते खणले, बुजवले, पुन्हा खणले. आमच्या गल्लीची तार आजही विजेच्या खांबावरून लोंबकळत येते आणि गणपतीच्या मिरवणुकीत तुटते.

काही जण म्हणतात सरकारी टेलिफोन कंपनी होती ती बरी होती. बरी कुठली! तांब्याची जुनी तार, एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर लांब गेलं की स्पीड मेणबत्तीसारखा वितळायचा. पण तिथल्या लाइनमनला पगार होता, पेन्शन होती, आणि त्या भरतीत आरक्षण होतं. आपल्या वस्त्यांतून कित्येक घरं त्या खाक्या वर्दीवर उभी राहिली. ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात बीएसएनएलचे ७८ हजारांवर कामगार स्वेच्छानिवृत्तीनं घरी गेले. स्वेच्छा हा शब्दही ‘पर्यंत’सारखाच बारीक अक्षरातला. त्यांच्या जागी आला तो स्वतःच्या पेट्रोलवर फिरणारा, कमिशनवरचा पोरगा. त्याला आरक्षण नाही, पीएफ नाही, खांबावरून पडला तर दवाखाना नाही. तार काचेची झाली, सुधारणा झाली म्हणतात. स्पीडची चोरी आणि मजुरीची चोरी एकाच बिलातून होते.

अजून एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच मोठी. उतरवून घ्यायचा स्पीड सगळे विचारतात, चढवायचा कुणी विचारत नाही. डाऊनलोड, अपलोड. जुन्या तांब्याच्या तारेची पद्धतच अशी होती की खाली येताना रुंद, वर जाताना चिंचोळी. आता काचेत दोन्ही बाजूंनी सारखं देता येतं, काही प्लॅनमध्ये देतातही, तरी आमच्या घरी ठेकेदारानं चढवायचा स्पीड १० वर बांधलाय. विचारलं तर म्हणाला, ‘तुम्हाला काय करायचाय अपलोड?’

तुम्हाला काय करायचंय! हे वाक्य किती जुनं आहे? तुम्ही ऐका, तुम्ही बघा, तुम्ही विकत घ्या. बोलायचं आम्ही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. का दिले? दुसऱ्यांची वर्तमानपत्रं वाचायला आपल्याला तेव्हाही मिळत असतील. आपलं लिहिलेलं लोकांपर्यंत न्यायला छापखाना लागतो म्हणून दिले. जून २०१६ ला दादरच्या आंबेडकर भवनातला बुद्धभूषण छापखाना रातोरात पाडला, तेव्हाही पाडणाऱ्यांना काय पाडायचं ते बरोबर ठाऊक होतं. आज अत्याचाराचा व्हिडिओ, मोर्चाचं चित्रण, पोरींच्या जलशाची गाणी, आपल्या मासिकाची पीडीएफ, हे सगळं वर चढतं तेव्हाच जगाला दिसतं. अपलोड हा आपला छापखाना आहे. तो चिंचोळा ठेवणाऱ्याला मी नुसता व्यापारी म्हणणार नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ ला केरळ उच्च न्यायालयानं, वसतिगृहात मोबाइलवर बंदी घातली म्हणून लढलेल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केरळ सरकारनं जून २०२३ ला स्वतःचं काचेच्या तारेचं जाळं सुरू केलं, केफॉन. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मतदारसंघातल्या १०० गरीब घरांना फुकट, असं १४० मतदारसंघांत ठरवलं, आणि विकतच्या सर्वांत खालच्या प्लॅनला २० एमबीपीएस. काम रखडलं, टीका झाली, होऊ दे. सरकार तार टाकू शकतं एवढं तर दिसलं. आपल्या महानगरपालिकेनं पाण्याची पाइप टाकताना शेजारी तारेची एक नळी टाकली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

पण कोर्टाचे निकाल आपोआप गल्लीत उतरत नाहीत. म्हणून वही. ज्यांना लढायचंय त्यांनी क्रम ध्यानात ठेवा. आधी कंपनीकडं तक्रार, नंबर लिहून घ्यायचा. फोनवर भागवू नका, मेलही करा. निकाल लागला नाही किंवा खोटा लागला तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं अपील. ते फुकट असतं आणि नियमाप्रमाणं ३९ दिवसांत निकाली काढावं लागतं. ट्राय एकेका माणसाची तक्रार सोडवत नाही, तिथं वेळ घालवू नका. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या म्हणायच्या, टेलिफोनचं भांडण ग्राहक कोर्टात चालत नाही, आणि २००९ च्या एका निकालाचा कागद नाचवायच्या. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. चालतं म्हणून स्पष्ट सांगितलं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. (इथला ‘पर्यंत’ मला चालतो.) आयोगात विचारतील पुरावा काय. तेव्हा वही काढायची.

एकट्याच्या वहीला ते हसतील हे मला माहीत आहे. म्हणतील तुझा लॅपटॉप जुना, तुझी वायर खराब. म्हणून वीस घरं पाहिजेत. एकाच वस्तीतली वीस, आणि जमलं तर विजापूर रोडची, जुळे सोलापूरची दहा. एकाच रात्री, एकाच मिनिटाला, ९ वाजता. कंपनी तीच, प्लॅन तोच, भाव तोच. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघू की माप जातीनं बदलतं, पैशानं बदलतं की नुसत्या ठेकेदाराच्या हावरटपणानं. मी आधीच उत्तर ठरवलेलं नाही. संशय मात्र आहे. धक्क्यावर पोतं शंभर किलोचं पन्नासावर आलं ते कुणाच्या दयेनं आलं नाही. हमाल भांडले, १९६९ चा माथाडी कायदा झाला, टोळीची नोंद झाली, वजनाची नोंद झाली, मजुरीची नोंद झाली. त्याआधी मुकादम म्हणेल तेवढं वजन आणि तो देईल तेवढा पैसा. आज नेटवाला म्हणेल तेवढा स्पीड.

मागणी काय करायची तेही ठरवू. माझ्या तीन आहेत. जाहिरातीतून ‘पर्यंत’ काढा आणि रात्री ९ चा आकडा छापा. तो आकडा कंपनीनं नाही, वैध मापनासारख्या सरकारी माणसानं मोजावा, आणि वस्तीवार जाहीर करावा. आणि माप कमी भरलं तर बिल त्या हिशेबात कमी. १०० चे पैसे घेऊन ५ दिले तर ७०७ रुपयांपैकी ३५ रुपये मी आनंदानं भरतो. चौथी मागणी तुमच्या डोक्यात असेल तर सांगा.

माझं अपील गेलंय. ३९ दिवसांतले १६ झालेत. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू, नाही आलं तर तेही छापू. तोवर ज्यांच्या घरी कनेक्शन आहे त्यांनी आजपासून वही करा. तारीख, वेळ, वायरनं की वायफायनं, उतरायचा आकडा, चढायचा आकडा, सर्व्हर कुठला. लॅपटॉप नसेल तर माझा घेऊन मी येतो, साडेआठपर्यंत कामावरून सुटतो. धक्क्यावर रेक लागला असेल त्या दिवशी उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या.